तो लाल दुपट्टेवाला तीन जागी कसा बसला?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमातल्या कम्प्युटरच्या गर्दीवर लेख आला होता, त्यात शेवटी असं लिहिलं होतं की आता खरी गर्दी कोणती आणि मशीननं बनवलेली कोणती हे साध्या माणसाला ओळखू येणं शक्यच नाही. वाचलं आणि राहवलं नाही. मी काही इंजिनीअर वगैरे नाही, चांदूर बाजार तालुक्यात आपला छोटासा फोटो स्टुडिओ आहे, लग्नं, बारसे, यात्रा, शंकरपट (म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती), निवडणुकीच्या सभा, जे मिळेल ते शूट करतो, बावीस वर्षं झाली. पण गर्दी म्हणाल तर गर्दी मी पाहिली आहे, कॅमेऱ्यातून पाहिली आहे आणि खरं सांगायचं तर एकदा स्वतः खोटी बनवूनही पाहिली आहे, आणि पकडलोही गेलो. पकडलं कोणी, तर चौथी पास बाईनं.

झालं असं की २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिल्यापासून आमच्याकडे पुन्हा गावोगावी पट भरायला लागले. एका गावच्या मंडळानं मला व्हिडिओचं काम दिलं. गाव सांगत नाही, लोक चांगले आहेत. पहिला दिवस नेमका बुधवारचा, तुरीची सोंगणी सुरू, कापूस वेचायला बाया मिळेनात, मग पटाला कोण येणार? धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला डावीकडचा एक तिसरा हिस्सा भरलेला, बाकी बांबू मोकळे. मंडळाचा भाऊ म्हणाला, भाऊसाहेब काहीतरी करा ना, पुढच्या वर्षी बक्षिसाला देणगीदार याच व्हिडिओवर पकडायचे आहेत. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, फ्रेम हललेली नव्हती, म्हणून म्हटलं यात काय एवढं, भरलेला तुकडा उचलला आणि बाजूच्या दोन मोकळ्या तुकड्यांवर चिकटवला. जोड थोडे घासून पुसून घेतले, धूळ टाकली वरून. दीड तासाचं काम. मला स्वतःला तर तो शॉट लय आवडला होता, पाच वेळा पाहिला असेल.

आमची मोठी माय चाळीस वर्षं यात्रेत फुटाणे रेवड्या विकते, बहिरमच्या यात्रेत तर पूर्ण महिनाभर तिची पाल, म्हणजे कापडी दुकान, असते. ती स्टुडिओत सहज येऊन बसली होती, चहा पीत होती, स्क्रीन समोर चालू. दहा सेकंद झाले नसतील.

"काहून रे बापा, हा लाल दुपट्टेवाला तीन जागी कसा बसला? का तिळे भाऊ हायेत?"

मी म्हटलं माय तुला तसं वाटते. तर म्हणे, बरं, हा नाई तर नाई, पण त्याच्या बाजूचा पोट्टा पण तीन जागी हाय, अन् तिघंही एकाच वेळी नाक पुसून राह्यले.

आता गंमत पाहा. याचं मला एवढं वाईट वाटलं की मी भाच्याला फोन केला, तो हैदराबादला एका स्टुडिओत याच गर्दीच्या कामात आहे, सिनेमात सैन्य बिन्य उभं करतात ना, ते. तो हसला आणि म्हणाला मामा, तुझ्या मोठ्या मायनं जे केलं ना त्याच्यावर आयर्लंडमध्ये संशोधन झालेलं आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात रेचल मॅकडॉनेल, कॅरल ओ'सलिव्हन आणि त्यांच्या टीमनं २००८ साली लोकांना कम्प्युटरची गर्दी दाखवून विचारलं, यात डुप्लिकेट शोधा. मग निघालं काय, तर दिसण्यातले डुप्लिकेट लोक पटकन पकडतात, पण दोन वेगळ्या दिसणाऱ्या माणसांना एकच चाल दिली असेल तर ते पकडणं त्यांना खूप जड जाते. कपड्यांचे रंग बदलले, माणसं वेगवेगळ्या दिशेला तोंड करून उभी केली, की दिसण्यातली नक्कल पण बरीच लपते. पुढच्याच वर्षी त्यांनी लोकांची नजर कुठं जाते हे मशीन लावून मोजलं, तर नजर सगळ्यात आधी जाते डोक्यावर आणि छातीवर. पायाकडे कोणी पाहत नाही. म्हणजे गर्दी बनवणाऱ्यानं पैसा आणि मेहनत टोपी, दुपट्टा, दाढी, शर्ट यांच्यावर लावायची, पायजमा कोणताही चालतो.

मला यात नवल वेगळंच वाटलं. एक जुना प्रयोग आहे, स्वीडनच्या गुनार योहान्सन नावाच्या माणसाचा, १९७३ चा, अंधारात माणसाच्या सांध्यांवर डझनभर दिवे लावले, बाकी काहीच दिसत नाही, नुसते ठिपके, तरी पाहणारे क्षणात सांगतात की हा माणूस चालत आहे. एवढी आपली चालीवर नजर. मग गर्दीत तीच चाल दहा जणांना दिली तर का कळत नाही? मी विचार केला तर मला वाटते आपण एका माणसाची चाल वाचतो, गर्दीत चाल वाचत बसत नाही, तिथं आपण ओळखीचं तोंड शोधतो. यात्रेत हरवलेलं पोरगं शोधताना बाई काय पाहते? टोपरं आणि सदरा. हे माझं मत झालं, डब्लिनवाल्यांचं नाही.

तर मी त्या शॉटमधल्या दुपट्ट्यांचे रंग बदलले, काहींना टोप्या घातल्या, दोन जणांना चष्मे दिले. पुन्हा मोठ्या मायला बोलावलं. आता पाहा म्हटलं. तिनं पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही, मी खुश. मग म्हणे, "ह्या उजवीकडच्या लोकाईले जोडी आधीच दिसली का रे?"

साहेब, तुम्ही पट पाहिला असेल तर तुम्हाला माहीत असेल. जोडी सुटली की माना वळतात, पण सगळ्या एकदम नाही वळत, जोडी जशी पुढं जाते तशी मानांची लाट पुढं पुढं जाते, जवारीच्या वावरातून वारा जातो तशी. माझ्या शॉटमध्ये तीनही तुकड्यांतले लोक एकाच टायमाला मान वळवत होते, कारण तो एकच तुकडा होता ना! जोडी अजून पहिल्या तुकड्यासमोर आहे आणि शेवटच्या टोकाचे लोक मान वळवून मोकळे झालेले, आणि खरी जोडी त्यांच्यासमोर आली तेव्हा ते निशाणाकडे तोंड करून शांत बसलेले. यावर उपाय सोपा होता, दुसरा तुकडा थोडा उशिरा सुरू करायचा, तिसरा अजून उशिरा, पण तो मला सुचला नव्हता. बावीस वर्षं कॅमेरा धरून सुचला नव्हता, कारण मी जोडी पाहत होतो, लोकांकडे पाहत नव्हतो. मोठी माय जोडीकडे कधीच पाहत नाही, तिला गिऱ्हाईक पाहायचं असते.

तो व्हिडिओ मी शेवटी मंडळाला मोकळ्या बांबूंसकटच दिला. थोडं ऐकून घेतलं. असो.

पण डोक्यात ते बसलं ते बसलंच. भाचा दिवाळीला आला तर त्याला म्हटलं, मला पूर्ण सांग हे कसं करतात. तो म्हणाला आधी खरी माणसंच आणत, गांधी सिनेमातली अंत्ययात्रा १९८१ साली दिल्लीत शूट झाली तेव्हा सुमारे ३ लाख माणूस उभा केला होता. आता कोण करतो तेवढं, तीन लाख लोकांना नुसतं पाणी पाजायचं म्हटलं तर निर्माता विकल्या जाईल. कम्प्युटरच्या गर्दीची सुरुवात खरं म्हणजे पक्ष्यांपासून झाली, क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या माणसानं १९८७ साली दाखवून दिलं की थवा उडवायला कोणी म्होरक्या लागत नाही, प्रत्येक पक्ष्याला तीनच गोष्टी शिकवा: शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी ज्या दिशेनं चालले तिकडंच जा, आणि फार लांब पडू नको. झाला थवा. हे ऐकून आमचा शेजारी म्हणाला हे तर मेंढरं पण करतात. बरोबर आहे. त्याच्यापुढं न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलसनं मॅसिव्ह नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, ते 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अंगठीवाल्या मोठ्या इंग्रजी सिनेमातल्या लढायांसाठी, त्यात प्रत्येक सैनिकाला स्वतःचं छोटं डोकं दिलेलं, समोर कोण आहे ते पाहून तो स्वतःच ठरवतो मारायचं का सरकायचं.

भाच्यानं मग टाइमपास म्हणून लॅपटॉपवर एक यात्रा बनवली. पाली, झेंडे, पाळणा, दोनेकशे माणसं. या वेळी कोणी डुप्लिकेट नाही, चेहरे वेगळे, नऊवारी, पाचवारी, धोतर, जीन्स सगळं. कोणी कोणाला धडकत नव्हतं, मस्त वळसे घालून चालत होते. मी तर म्हटलं आता माय हरली.

माय म्हणे, "हे सगळे एकलेच काहून फिरून राह्यले? कोनासंग आले हे?"

आणि खरंच की. दोनशे माणसं आणि कोणी कोणाचं नाही. यात्रेत एकटं कोण जाते हो? नवरा चार पावलं पुढं, बायको मागं, तिच्या हाताला एक पोरगं, दुसरं कडेवर, सासू पदराला धरून, आणि पुढं गेलेला नवरा मधेच थांबून मागं वळून पाहतो, चिडून. पोट्ट्यांचं टोळकं असलं तर ते सगळ्यांची वाट अडवूनच चालते. याच्यावर पण काम झालेलं आहे, फ्रान्समध्ये तुलूज शहरात मेहदी मुसैद आणि इतरांनी रस्त्यावरची माणसं मोजली, २०१० ला छापलं, तर ७० टक्क्यांपर्यंत लोक कोणासोबत तरी चालत होते. आणि मोकळी जागा असली की हे जोडीनं, तिघं तिघं, आडव्या रांगेत चालतात, गर्दी वाढली की मधला जरा मागं राहतो आणि आकार होतो इंग्रजी व्ही सारखा, कारण बोलता आलं पाहिजे आणि एकमेकांची तोंडं दिसली पाहिजेत. वेगात चालायला हा आकार एकदम बेकार, पाखरांचा व्ही असतो त्याच्या उलटा, पण माणसं वेगासाठी नाही, गप्पांसाठी चालतात. आमच्याकडे तो व्ही होत नाही असं मला वाटते, आमच्याकडे एकामागं एक आगगाडी होते आणि गप्पा मागं न पाहता ओरडून चालतात, कोणीतरी बहिरमला येऊन मोजायला पाहिजे.

गप्पांचंही तसंच. त्याच डब्लिनवाल्यांनी २०१० मध्ये पाहिलं की तीन जण बोलत उभे आहेत आणि त्यातल्या एकाचे हातवारे दुसऱ्याच वेळचे लावले, तर लोकांना ते जाणवते, आवाज आणि हातवारे जुळले नाहीत तरी एकवेळ चालते पण तिघांची अंगं एकमेकांशी जुळली नाहीत तर खटकते. मला तर हे पटलं. चावडीवर लांबून पाहिलं तरी कळते ना कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कोण ऐकल्यासारखं करतो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात भारी वाटली ती सांगतो. भाच्याच्या त्या यात्रेत माणसं फार अंतर ठेवून चालत होती, एकदम शिस्तीत. मी म्हटलं ही यात्रा आहे का परदेशातलं विमानतळ? तर तो म्हणाला मामा, चालण्याचे बरेचसे आकडे तिकडचेच असतात. पण आपल्याकडचेही मोजलेले आहेत म्हणे, आयआयटी कानपूरच्या लोकांनी जर्मनीच्या आर्मिन सायफ्रीड सोबत, २००९ ला ते प्रसिद्ध झालं. इकडं आणि तिकडं माणसांना एकामागं एक, एकाच रांगेत गोल गोल चालायला लावलं. मोकळं चालताना भारतीय आणि जर्मन सारख्याच वेगानं चालतात, पण गर्दी केली की जर्मन माणूस अंतर ठेवायला हळू होतो, आपला माणूस तेवढा हळू होत नाही, त्याला जागाच कमी लागते. आणि त्या पेपरात स्वतःच लिहिलं आहे की नवलाची गोष्ट म्हणजे भारतीयांचं ते बेशिस्त चालणं जर्मनांच्या शिस्तीपेक्षा जास्त कामाचं निघालं. आमच्या एसटी स्टँडवर परतवाडा गाडी लागते तेव्हा मी हे रोज पाहतो, फक्त त्याला संशोधन म्हणतात हे माहीत नव्हतं.

म्हणजे गर्दी खरी वाटते का, हे पाहणारा कुठं उभा राहून मोठा झाला त्याच्यावर पण आहे. जर्मनीच्या माणसाला भाच्याची यात्रा एकदम ओरिजनल वाटली असती.

आता तुमच्या लेखकाचं जे म्हणणं आहे की ओळखूच येत नाही, त्यात थोडं खरं आहे, नाही असं नाही. लांबून, ड्रोनमधून, माणूस मुंगीएवढा असला की मोठी माय पण फसते, मी तपासून पाहिलं. आणि मोबाइलवर तर विचारूच नका, एवढासा स्क्रीन, त्यात व्हॉट्सॲपनं दाबून दाबून पाठवलेला व्हिडिओ, चेहऱ्याच्या जागी शेंगदाणा दिसते. तिथं कोण दुपट्टा पाहणार. २०२० मध्ये कोरोनात मोकळ्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या, आयपीएलला रेकॉर्ड केलेला लोकांचा आवाज लावला होता, स्पेनच्या फुटबॉलमध्ये तर मोकळ्या खुर्च्यांवर कम्प्युटरचे प्रेक्षक बसवले होते, आणि आपण पाहिलंच ना. माहीत असून पाहिलं. डोळे चेंडूवर असले की मागं कोण बसलं कशाला पाहतो. पण म्हणून ओळखू येत नाही असं नाही, आपण ओळखायला बसलेलोच नसतो.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहून राहिलो ते. उलटं पण होते.

गुरुकुंज मोझरीला दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, जिकडं पाहावं तिकडं माणूस, आणि त्या क्षणी सगळं थांबते. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावर थांबते. पांढरे कपडे, भगव्या टोप्या, माना खाली. मी मागच्या वर्षी मंचाच्या बाजूला एका गच्चीवरून फोटो काढला, माझ्या आयुष्यातला चांगला फोटो असेल. एका पेपरला पाठवला, तुमचा नाही, नाव लिहीत नाही. डेस्कवरच्या एका पोरानं फोन केला, बोलणं सभ्य होतं, पण म्हणाला, सर हे एडिट केलेलं वाटते, सगळ्यांच्या टोप्या सेम आहेत, उभे पण सेम आहेत, कॉपी पेस्ट दिसते, सध्या एआय चं फार चाललं आहे ना, आम्ही रिस्क घेत नाही.

मी काय बोलणार? मीच ते पाप एकदा केलेलं. पण हे त्याच डब्लिनच्या हिशेबानं बरोबर बसते पाहा, नजर गेली डोक्यावर आणि छातीवर, तिथं सगळं सारखं, माना पण एकाच दिशेला, हात पण जोडलेले, म्हणून मेंदू म्हणाला डुप्लिकेट. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की अशी गर्दी खरीच असते, लोक स्वतःहून सारखे होतात, दोन मिनिटांसाठी. भाच्याला तोच फोटो काही न सांगता पाठवला, तर त्याच्या स्टुडिओतल्या पोरांनी पण विचारलं, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलं? आणि हे लोक रोज गर्दी बनवतात.

मोठ्या मायला दाखवला तर ती म्हणाली, "मोझरी हाय." बस. पुन्हा चहा पिऊ लागली.

मी विचारलं कशावरून. तर म्हणे, कशावरून म्हणजे, लोकं उभे हायेत ना. मग बोट ठेवून दाखवलं, आणि ते मी फोटो काढून सुद्धा पाहिलं नव्हतं.

तर साहेब, विनंती दोन. एक, सभेचा, यात्रेचा, पटाचा गर्दीचा व्हिडिओ किंवा फोटो कोणी पाठवला आणि त्यात मागून माणसं भरलेली असली, तर छापताना खाली तसं लिहा, आम्हा फोटोवाल्यांना पण विचारा, आम्ही खोटं बोललो तर आम्हाला लाज वाटली पाहिजे. दुसरी म्हणजे, नागपुरात किंवा मुंबईत बसलेल्या पोरानं नुसतं वाटते म्हणून खरा फोटो बाजूला टाकू नये, त्या तालुक्याच्या तुमच्या वार्ताहराला एकदा दाखवावा, त्याला नाही कळलं तर त्याच्या मायला दाखवावा.

तो मोझरीचा फोटो या पत्रासोबत मोठ्या साइजमध्ये जोडला आहे, छापा असा आग्रह नाही. फक्त डावीकडून तिसरी रांग पाहा, तिथं एक म्हातारा आहे, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि एका पायावर उभा आहे, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं पोटरी खाजवून राहिला. त्याच्या बाजूच्या लहान पोरीनं एक डोळा उघडला आहे आणि ती त्याचा तो पाय पाहत आहे.

आपला एक जुना वाचक,
फोटो स्टुडिओवाला, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती